इमर्जन्सी मेडिसिनची पीजी करतेय, पेशंट गेला तरी आता काहीच वाटत नाही. हे नॉर्मल आहे का?

रात्रपाळी_नाशिक

नमस्कार. मी नाशिकमधे एका हॉस्पिटलला इमर्जन्सी मेडिसिन करतेय, दुसरं वर्ष चालू आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, प्लीज कोणी अंदाज पण लावू नका. घर निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग आहे, इथे पाथर्डी फाट्याला मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहते.

विषय असा की गेल्या काही महिन्यांपासून मला कशाचंच काही वाटेनासं झालंय. पहिल्या वर्षी एक लहान मुलगा शेततळ्यात पडलेला आणला होता, आम्ही खूप वेळ सीपीआर दिला, गेला तो, आणि मी चेंजिंग रूममधे बसून इतकी रडले की सिस्टरांनी येऊन चहा पाजला. आता तशीच केस आली तरी मी मृत म्हणून डिक्लेअर करते, पेपर भरते, एमएलसी (पोलीस केस) असेल तर पोलिसांना कळवते आणि पुढच्या बेडवर कोण आहे विचारते. तेवढं करावंच लागतं हे मला कळतं, मागे ट्रॉल्या लागलेल्या असतात. पण नंतरही काही वाटत नाही, रूमवर येऊनही नाही. मागे एक जण वडिलांना घेऊन सुरगाण्याहून रात्रीचा आला होता, तो सारखा "मॅडम, बरे होतील ना" विचारत होता आणि माझ्या मनात एवढंच येत होतं की हा कधी थांबेल.

आईचा फोन आला की कट करावासा वाटतो. नाईट करून आले की दिवसा झोप लागत नाही, कोणाच्या कुकरची शिट्टी झाली तरी जाग येते, मग संध्याकाळी डोकं जड घेऊन परत ड्युटी. आमच्याकडे कागदावर बारा तासांची शिफ्ट आहे पण हँडओव्हर, नोट्स, सकाळची केस प्रेझेंटेशन, थिसिसचा डेटा हे सगळं शिफ्टच्या बाहेर, आणि रोस्टर असं की नाईटवरून डायरेक्ट मॉर्निंग, मधेच इव्हनिंग, शरीराला कळतच नाही आता काय चाललंय. मुंबई नाक्याहून स्कूटीवर येताना डोळे मिटायला लागतात.

आधी मी थंडीत सुट्टी मिळाली की नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जायचे, दुर्बीण अजून कपाटात आहे, या वर्षी हातच लावला नाही. वेळ नव्हता असं नाही. इच्छाच झाली नाही.

दादा म्हणतो सीट सोड, एवढं काय आहे त्यात. सीनियर म्हणतात असंच होतं, कातडी जाड व्हावीच लागते, याच्याशिवाय इमर्जन्सी करता येत नाही. मला खरंच कळत नाहीये की मी अनुभवी होतेय की मला काहीतरी होतंय. हे बर्नआउट म्हणायचं का डिप्रेशन का नुसती झोप कमी पडतेय? सायकियाट्रिस्टकडे गेलं तर रजिस्ट्रेशनला वगैरे काही प्रॉब्लेम येतो का? आणि एचओडींशी (विभागप्रमुखांशी) रोस्टरबद्दल कसं बोलायचं कोणी सांगेल का, आमच्याकडे असं बोललेला मुलगा नंतर सहा महिने टोमणे खात होता.

---

ट्रायज_ताई

मी इमर्जन्सी फिजिशियन आहे, नाशिकमधेच. आपल्याकडे या विषयाला वेगळी स्पेशालिटी म्हणून मान्यता २००९ साली मिळाली, म्हणजे आमच्यासारख्या सुरुवातीच्या लोकांना तर विचारायला सीनियरच नव्हते, म्हणून तू विचारलंस हे मला फार बरं वाटलं.

तुझ्या सीनियरचं "कातडी जाड व्हावी लागते" हे अर्धंच खरं आहे. काम चालू असताना भावना बाजूला ठेवता येणं हे कौशल्य आहे आणि ते यायलाच हवं, इंट्यूबेशन करताना, म्हणजे घशात श्वासाची नळी टाकताना, हात थरथरून चालत नाही. पण बाजूला ठेवलेली गोष्ट नंतर परत हाताला लागली पाहिजे. ड्युटी संपल्यावर, घरी जेवताना, दोन दिवसांनी, केव्हाही. ती लागतच नाही आणि त्याबरोबर आईचा फोन, पक्षी, सगळंच बंद झालंय, तर हा अनुभव नाही. ख्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मधे बर्नआउट मोजायची प्रश्नावली तयार केली, त्यात तीन गोष्टी बघतात: माणूस आतून पूर्ण थकलाय का, समोरचा माणूस त्याला वस्तूसारखा वाटायला लागलाय का, आणि आपण करतोय त्याचा काही उपयोग नाही असं वाटतंय का. तू लिहिलंयस त्यात पहिल्या दोन मला स्पष्ट दिसतात, तिसरीचं तूच बघ.

आणि हे फक्त तुलाच होतंय असं अजिबात समजू नकोस. अमेरिकेत मेडस्केपचा दर वर्षी सर्व्हे येतो, २०२३ च्या अहवालात इमर्जन्सीवाल्यांपैकी ६५ टक्के लोकांनी बर्नआउट आहे म्हणून सांगितलं, सगळ्या शाखांत सर्वात वर. तिथे स्टाफ आपल्यापेक्षा जास्त, शिफ्ट लहान, तरी हे.

इमर्जन्सीतच का, यावर मी बराच विचार केलाय. काम जास्त आहे हे आहेच, वरून शिवीगाळ आहे, वरच्या वॉर्डात बेड नाही म्हणून आपल्याकडेच अडकून पडलेले पेशंट आहेत. पण माझ्या मते सगळ्यात जास्त पोखरतं ते हे की आपल्याला गोष्टीचा शेवट कधी कळत नाही. जो गेला तो आपल्या हातात गेला, तो लक्षात राहतो. जो वाचला तो आयसीयूला गेला आणि तिथून पुढे तो दुसऱ्याचा पेशंट. म्हणजे आपल्या डोक्यात जमा होतात फक्त मृत्यू.

यावर मी एकच उपाय रेसिडेंट्सना, म्हणजे तुझ्यासारख्या पीजींना, सक्तीने करायला लावते, आठवड्यातून एकदा वर जाऊन आपण ॲडमिट केलेला एक तरी पेशंट बघून यायचा. पावसाळ्यात पेठ-हरसूलकडून मण्यार चावलेले येतात ना, जमिनीवर झोपलेले असतात, पापण्या पडलेल्या, श्वास थांबत आलेला, आपण ट्यूब टाकतो, एएसव्ही (सापाच्या विषाचा उतारा) चालू करतो आणि वर पाठवतो. तोच माणूस काही दिवसांनी कॉटवर बसून भाकरी खात असतो. ते डोळ्यांनी बघायला पाहिजे. फवारणीच्या सीझनला कीटकनाशक प्यायलेला जो पोरगा अट्रोपिन या उताऱ्याच्या औषधावर तीन दिवस बडबडत होता, त्याची आई त्याचे केस विंचरत असते. पाच मिनिटं लागतात याला, लॉगबुकमधे पण लिहिता येतं. याने रोस्टर सुधारत नाही हे मान्य. पण डोक्यात वाचलेले लोक पण जमा व्हायला लागतात.

रोस्टरवर नंतर लिहिते, आत्ता ड्युटीवर निघतेय.

---

जुना_सर्जन

मॅडम, मनापासून लिहितो, गैरसमज नसावा. मी नव्वदच्या दशकात मुंबईत सर्जरीची पीजी केली. शनिवारी सकाळी आत गेलो की सोमवारी संध्याकाळी बाहेर यायचो. झोप नाही, मेसचं जेवण थंड, आणि तरीही आज जे काही हात चालतात ते त्याच तीन वर्षांमुळे. केस बघितल्याशिवाय केस येत नाही. तास कमी केले की शिक्षण कमी होतं ही माझी खरी काळजी आहे, आणि ती पेशंटसाठी आहे.

तास कमी केले म्हणजे पेशंट सुरक्षित होतात असं जे म्हणतात त्यालाही पुरावा तितका सरळ नाही. २०१६ मधे अमेरिकेत सर्जरीच्या ११७ प्रोग्रॅमवर मोठा अभ्यास झाला, निम्म्यांना शिफ्टच्या लांबीचे नियम शिथिल करून दिले, तर पेशंटच्या मृत्यूंमधे किंवा मोठ्या कॉम्प्लिकेशनमधे फरक दिसला नाही.

सीट सोडू नका एवढंच सांगेन. आपल्या भागात ट्रेन झालेला इमर्जन्सी डॉक्टर मिळणं किती अवघड आहे हे मी रोज बघतो. आडगावच्या पुढे हायवेला ॲक्सिडेंट झाला तर पहिल्या तासात कोणाच्या हातात पेशंट पडतो यावर सगळं ठरतं. तुम्ही लोक आम्हाला हवे आहात.

---

झोपेचा_अभ्यास

सर, आदर ठेवून लिहितोय, मी ॲनेस्थेशियात आहे आणि झोप हा माझा आवडीचा विषय आहे. तुम्ही सांगितलेला अभ्यास बरोबर आहे पण त्यातली एक गोष्ट राहिली. त्यात शिफ्ट लांब करायची मोकळीक दिली होती, आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आणि सात दिवसांत एक सुट्टी हे दोन्ही गटांना तसंच लागू होतं. म्हणजे तुलना ८० तासवाल्यांची ८० तासवाल्यांशीच होती, शनिवार ते सोमवारची कोणाशी नव्हतीच. शिवाय मोकळीक दिलेल्या गटातले रेसिडेंट घरच्यांसाठी, स्वतःसाठी वेळ मिळण्याबद्दल जास्त नाराज होते हेही त्याच पेपरात आहे.

ही ८० तासांची गोष्ट कुठून आली तेही सांगतो. १९८४ मधे न्यूयॉर्कमधे लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी ॲडमिट झाल्यावर काही तासांतच गेली, तिच्या वडिलांनी प्रकरण लावून धरलं की थकलेले, देखरेख नसलेले रेसिडेंट तिला बघत होते. त्यातून १९८९ ला न्यूयॉर्क राज्याने नियम केला आणि २००३ मधे तो सगळ्या अमेरिकेला लागू झाला. पण इमर्जन्सीसाठी तिथे वेगळा आणि जास्त कडक नियम आहे: सलग १२ तासांपेक्षा जास्त पेशंट बघायचे नाहीत, इमर्जन्सी विभागात आठवड्याला ६० तासांच्या वर नाही आणि लेक्चर वगैरे धरून ७२. कारण वॉर्डात रात्री कधी तासभर पाठ टेकता येते, कॅज्युअल्टीत प्रत्येक मिनिट जागं असतं. सर्जरीचे तास आणि इमर्जन्सीचे तास एका मापाने मोजता येत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे पण नियम नाहीत असं नाही हो. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममधे साधारण ४८ तासांचा आठवडा आणि सलग १२ तास असं लिहिलेलं आहे, फक्त शेवटी "कामाच्या गरजेनुसार" जोडलंय आणि सगळं त्या दोन शब्दांतून निसटतं. २०२३ च्या पीजी नियमांत "वाजवी तास" असा शब्द आहे, पण त्याच नियमांत आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला २० कॅज्युअल लीव्ह आहेत, त्या मागायला संकोच नको. २०२४ मधे एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) मानसिक आरोग्यावरच्या टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांच्या वर नको, एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप अशी शिफारस केली. त्यांनीच पाच हजारांहून जास्त पीजींना विचारलं होतं, १५.३ टक्के लोकांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. शिफारस म्हणजे कायदा नाही, पण एचओडींसमोर कागद ठेवायला तो चांगला कागद आहे.

आता मॅडम तुमच्या स्कूटीबद्दल, कारण मला खरी भीती त्याची वाटली. १९९७ मधे 'नेचर'मधे आलेला प्रयोग आहे, सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा होतो आणि चोवीस तासांनी ०.१० च्या आसपास. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. अमेरिकेतल्या इंटर्नवर २००५ मधे अभ्यास झाला, चोवीस तासांच्या वरची ड्युटी करून गाडी चालवणाऱ्यांना ॲक्सिडेंटची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. द्वारका, मुंबई नाका, सकाळची ट्रॅफिक, अवजड गाड्या, तिथे डोळे मिटतायत म्हणजे आजपासून नाईटनंतर स्कूटी बंद. रिक्षा करा, मैत्रिणीला बोलवा, नाहीतर हॉस्पिटलातच ड्युटी रूममधे अर्धा तास झोपून मग निघा, ते अर्ध्या तासाचं झोपणं कोणत्याही कॉफीपेक्षा चांगलं.

बाकी झोपेचं: नाईटच्या आधी दुपारी दीड तास तरी झोपा. रात्री दोन-तीनच्या सुमारास कोणीतरी कव्हर देत असेल तर वीस मिनिटं डुलकी, त्याच्यावर नको, जास्त झोपलं की उठल्यावर डोकं चालायला वेळ लागतो आणि नेमका तेव्हाच अत्यवस्थ पेशंट येतो. पहाटे तीन ते सहा शरीर सगळ्यात खाली असतं, त्या वेळी औषधाचे डोस सिस्टरांसोबत मोठ्याने म्हणून घ्या. कॉफी रात्री दोननंतर नको. येताना गॉगल लावा, खोलीला जाड काळा पडदा, कानात बोळे, आणि फोन सायलेंट. शिफ्ट बदलायचीच असेल तर मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाईट असा क्रम सोसतो, कारण बहुतेकांचं शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडं सावकाश चालतं, त्याला उशिरा ढकलणं सोपं, मागे ओढणं जड. तुमचं रोस्टर नेमकं उलटं फिरतंय.

---

मन_नाशिकरोड

मी सायकियाट्रिस्ट. दोन-तीन गोष्टी नीट सांगतो.

बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय. डिप्रेशन हा आजार आहे. ढोबळ फरक असा की बर्नआउट कामापाशी सुरू होतं, सुट्टीवर चार दिवस गेलं की माणूस थोडा तरी परत येतो, हसतो, खातो. डिप्रेशन सुट्टीवरही बरोबर येतं. तुम्ही पक्ष्यांचं लिहिलंय, वेळ होता पण इच्छा नव्हती, ते वाक्य वाचून मी थांबलो. आवडती गोष्ट नकोशी होणं हे डिप्रेशनचं मुख्य लक्षण आहे. बरेचदा दोन्ही एकत्र असतात आणि वर झोपेचा तुटवडा, मग कशामुळे काय झालं हे घरी बसून ठरत नाही. म्हणून दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ पण करून घ्या, तुमच्या वयाच्या मुलींमधे हे कमी निघणं अगदी कॉमन आहे.

रजिस्ट्रेशनची भीती काढून टाका. सायकियाट्रिस्टकडे गेलं म्हणून कोणाचं रजिस्ट्रेशन जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ मधे गोपनीयतेचा हक्क दिलाय, तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर तुमच्या एचओडीला काही सांगू शकत नाही. तरी संकोच वाटत असेल तर स्वतःच्या हॉस्पिटलच्या बाहेर कोणाला तरी दाखवा, नाशिकमधे पुरेसे लोक आहेत. डॉक्टर पेशंट म्हणून आला तर आम्ही त्याला वेगळं बसवतो, वेटिंगमधे ओळखीचं कोणी भेटेल ही काळजीही नको.

स्वतःच्या हाताने अल्प्राझोलम किंवा झोल्पिडेम अशा झोपेच्या गोळ्या सुरू करू नका. डॉक्टरांमधे हे फार चालतं, स्टोअरमधून सहज मिळतं, आणि सवय लागल्यावर सोडवायला माझ्याकडेच येतात.

एक सरळ विचारतो, कारण विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. जगण्यात अर्थ नाही, संपवावं असे विचार येतात का? येत असतील तर उद्यावर टाकू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि आजच कोणाला तरी भेटा. टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हा नंबर हे वाचणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटसाठी आहे.

सीट सोडायची की नाही हा निर्णय मात्र आत्ता घेऊ नका, ना दादाच्या म्हणण्यावरून ना सर्जन साहेबांच्या. आधी रजा, झोप, तपासणी. गोळ्या लागल्याच तर दोन-चार आठवडे गुण यायला लागतात. डोकं जागेवर आल्यावर मग ठरवा, तेव्हा सोडलीत तरी तो तुमचा निर्णय असेल.

---

सिस्टर_पंचवटी

मॅडम मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे, बरीच वर्षं. कोणता रेसिडेंट आतून थकलाय हे आम्हाला तुमच्या आधी कळतं. जो डॉक्टर नातेवाइकांकडे न बघता फाइलकडे बघून बोलायला लागतो तो थकलाय. आम्ही सांगत नाही कारण आम्हाला कोण विचारतं. तुम्ही तुमच्या सिस्टरांना विचारा, मी बदललेय का म्हणून, त्या खरं सांगतील.

आमच्याकडे एका मॅडमनी एक गोष्ट सुरू केली ती लिहिते. पेशंट गेला आणि डिक्लेअर झालं की सगळे एक मिनिट जिथे आहेत तिथे थांबतात. मॅडम म्हणतात हे कोणाचे तरी आजोबा होते, आपण जमेल ते सगळं केलं, एक मिनिट थांबूया. बस. मग कामाला लागायचं. अमेरिकेत जोनाथन बार्टल्स नावाच्या एका नर्सने हे सुरू केलंय असं मॅडमनी सांगितलं, मला फार अभिमान वाटला की नर्सने केलं. सुरुवातीला वॉर्डबॉय मामा लोक आणि आया मावशी बघत राहायचे, आता मावशीच सगळ्यांना गप्प करतात. जास्त गर्दी असली तर नाही जमत, पण जेव्हा जमतं तेव्हा घरी गेल्यावर डोक्यात कमी फिरतं. नंतर कधीतरी पाच मिनिटं बसून काय नीट झालं काय अडलं ते बोलतो, त्यात आम्हालाही बोलू देतात.

आणि जेवत जा हो. रात्री बाराला तुम्ही लोक वडापाव आणि चहावर काढता. डब्यात दही भात आणा, उभ्याने खाल्ला तरी चालतो.

अजून एक, २०२७ चा सिंहस्थ येतोय. २००३ ला चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली होती ते नाशिककर विसरलेले नाहीत. तेव्हा ड्युट्या वाढणार, सुट्ट्या बंद होणार, हे सगळ्यांना माहिती आहे. घाटांचे, रस्त्यांचे प्लॅन होतायत, तसा सिस्टर आणि डॉक्टरांना आलटून पालटून विश्रांती देण्याचा प्लॅन पण आत्ताच कागदावर यायला पाहिजे. तेव्हा बघू म्हटलं तर थकलेली माणसं लाखोंच्या गर्दीपुढे उभी राहतील. हे कोणीतरी वरपर्यंत पोचवा.

---

ट्रायज_ताई

सिस्टर, तुमचं सिंहस्थाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, मी आमच्या मीटिंगमधे हा मुद्दा मांडणार आहे.

आता एचओडींशी बोलण्याबद्दल. एकटी जाऊ नकोस, टोमणे एकट्याला पडतात. बॅचमधल्या सगळ्यांनी मिळून आधी दोन आठवडे प्रत्यक्ष आत-बाहेरच्या वेळा लिहून काढा, कोणावर आरोप नाही, नुसत्या वेळा. मग तुम्हीच पर्यायी रोस्टर बनवून न्या. तेवढीच माणसं, तेवढेच तास, फक्त फिरायची दिशा पुढची, नाईट्स सलग दोन-तीनच्या वर नाहीत, आणि शेवटच्या नाईटनंतर पूर्ण एक दिवस मोकळा. "सर, एक महिना करून बघूया, नाही जमलं तर जुनं आहेच" असं म्हणा. मी स्वतः रोस्टर बनवते म्हणून सांगते, तक्रार घेऊन आलेल्या मुलांना काय उत्तर द्यावं सुचत नाही, पण तयार तक्ता घेऊन आलेल्यांना नाही म्हणणं अवघड जातं. सकाळची प्रेझेंटेशन नाईटवाल्यांना माफ करा हीसुद्धा एक मागणी ठेव, ती बहुतेक लगेच मान्य होते कारण त्यात एकही माणूस जास्त लागत नाही.

ऐकलंच नाही तर मग गाईड, मग कॉलेजची तक्रार समिती, एमडी असशील तर आरोग्य विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे. पण पहिली पायरी तक्त्याचीच.

---

जुना_सर्जन

झोपेचा अभ्यासवाले डॉक्टर, ८० तासांचा मुद्दा रास्त आहे, मान्य. शिक्षणाबद्दलची माझी काळजी मात्र कायम आहे, तास कमी करायचे तर उरलेल्या तासांत कन्सल्टंटने शेजारी उभं राहून शिकवलं पाहिजे, नाहीतर दोन्हीकडून नुकसान. स्कूटीबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला माझा पूर्ण पाठिंबा. आमचा एक बॅचमेट पोस्ट-ड्युटी पुण्याला निघाला होता तो पोचला नाही. मॅडम, रिक्षानेच जा.

---

रात्रपाळी_नाशिक

सगळ्यांना खरंच मनापासून थँक्यू, ड्युटीवर मधे मधे वाचत होते.

मन_नाशिकरोड सर, तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते, संपवावं असे विचार नाहीत, पण "उद्या ताप येऊन दोन दिवस ॲडमिट झाले तर बरं होईल" असं बरेचदा वाटतं. हेही सांगायला हवं असं वाटलं. अपॉइंटमेंट घेतली आहे, आमच्या हॉस्पिटलच्या बाहेर, रूममेट सोबत येणार आहे. १४४१६ फोनमधे सेव्ह केलाय आणि ग्रुपवर पण टाकला, दोन ज्युनियरनी पर्सनलवर मेसेज करून विचारलं की खरंच मराठीत बोलतात का.

ताई, कोऱ्या वहीत वेळा लिहायला सुरुवात केलीये, बॅचमधले तिघं तयार आहेत, चौथा घाबरतोय. आणि वर जाऊन पेशंट बघायचं म्हणालात ते केलं. तो सुरगाण्याचा माणूस लिहिला होता ना, त्याचे वडील अजून आयसीयूतच आहेत, मुलगा बाहेर बाकावर होता. मी त्याच्याशी बोलले थोडं. लगेच काही भरून वगैरे आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण त्याचं नाव आता मला माहिती आहे.

---

सिन्नरकर_बाबा

ताई, मी डॉक्टर नाही, बँकेतून रिटायर झालोय. माझी मुलगी पण याच विषयाची पीजी करते, दुसऱ्या शहरात. हा धागा मी आणि माझ्या बायकोने रात्री बसून पूर्ण वाचला. मुलगी फोनवर फक्त हो-नाही करते आणि आम्हाला वाटायचं मोठी डॉक्टर झाली, आता आई-बापाशी बोलायला नको वाटतं. आम्ही घरच्यांनी नेमकं काय करायला पाहिजे ते सांगाल का? आम्ही रोज सकाळी दहाला फोन करतो, ती दमलेली असते तर बंद करू का फोन?

---

रात्रपाळी_नाशिक

काका, फोन बंद करू नका. फक्त दहाची वेळ बदला, नाईट असेल तर दहाला ती नुकती झोपलेली असते. तिच्याकडून महिन्याचं रोस्टर मागून घ्या आणि फ्रिजवर लावा, माझ्या आईने कालच लावलंय, आता ती मी उठल्यावर फोन करते. आणि "आज किती पेशंट झाले, कोण गेलं का" असं विचारू नका. तुमच्याकडचं सांगा. गल्लीत काय चाललंय, कोणाचं लग्न ठरलं, कांद्याला काय भाव मिळाला, असलं काहीही. आम्हाला उत्तर द्यावं लागत नाही असं बोलणं ऐकायला फार बरं वाटतं. ती गप्प राहिली तरी तुम्ही बोलत रहा.

रागावून बोलली तर लगेच "एवढं शिकवलं त्याचं हे फळ" म्हणू नका प्लीज. आणि सीट सोड किंवा सोडू नको यातलं काहीच म्हणू नका, ते दोन्ही ऐकलं की वाटतं आपलं कोणी ऐकतच नाहीये. शक्य असेल तर काकूंना एकदा आठवडाभर तिच्याकडे राहायला पाठवा, गरम जेवण आणि खोलीला जाड पडदा, एवढं केलं तरी खूप. पडद्याचं माप आधी विचारून घ्या, हॉस्टेलच्या खिडक्या मोठ्या असतात.

आणि जेवली का, झोपली का यापलीकडे एकदा शांतपणे विचारा, "तुला बरं वाटतंय का ग, कोणाला दाखवायचं का, मी येऊ का सोबत?" नाही म्हणाली तर महिन्याभराने परत विचारा.